हाराल्डची प्रॉम्प्टर

बेकरीतल्या बाईने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा नंदाच्या लक्षात आलं की आपल्याला डाव्या कानाने ऐकू येत नाहीये. बाईचे ओठ हलत होते, मागे भट्टीचं दार उघडत होतं, मिटत होतं, आणि या सगळ्याच्या मधे एक बारीक, तारेसारखी ताणलेली शिटी वाजत होती. तिने मान वळवून उजवा कान पुढे केला. "आणखी काही, फ्राउ ब्रांट?" "नाही, एवढंच." "तुमच्या कॉलरला काहीतरी लागलंय." नंदाने बोट लावून पाहिलं. "मुरांबा," ती म्हणाली. बाई हसली नाही. तिने पिशवी काउंटरवरून पुढे सरकवली आणि ती हातात देताना नंदाचं मनगट क्षणभर धरून ठेवलं. नंदाने ते हळूच सोडवून घेतलं. रस्त्यावर आल्यावर तिने पदर घ्यावा तसा स्कार्फ डोक्यावरून कानाशी ओढला.

मारणं नवीन नव्हतं. दिवाळीपासून तिचा नवरा फोल्कर तिला मारत होता. कधी धक्का, कधी दंडाला घट्ट पिळा, एकदा बाथरूमच्या दारात सापडलेली बोटं. पण त्या प्रत्येक वेळी तो कोणा दुसऱ्यालाच मारत होता. ती कधी डेन्मार्कचा राजा असे, कधी फितूर झालेला कोणी सरदार, कधी त्याला तुरुंगात टाकणारी ती म्हातारी सम्राज्ञी. तो ओरडायचा ती नावं त्यांची असत, आणि मग दुखायचं ते दंडापुरतं. आज सकाळी ती पाव कापत होती. तो खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि उघड्या हाताने त्याने तिच्या कानावर मारलं. ती फ्रिजवर आपटली. खाली बसता बसता तिने वर पाहिलं, तर त्याने पाव कापायची लाकडी फळी उचलली होती. फळी तिच्या खांद्यावर बसली. आणि फळी खाली येताना तो म्हणाला, "नंदा."

एवढंच. ओरडून नाही, शांतपणे, दारावरची पाटी वाचावी तसं. मग तो पुन्हा खुर्चीत बसला, आणि ती किल्ली घेऊन, दाराला बाहेरून कुलूप लावून पाव आणायला निघाली. पाव तर घरात होता. अर्धा कापलेला, टेबलावरच पडला होता.

मुलगी, उर्जा, चार वाजता येणार होती. एश्बॉर्नहून गाडीने, कुठल्याशा क्लायंटची मीटिंग सोडून. डेगरलोखच्या हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, सोमवारपासून एक खोली मिळत होती आणि तिथल्या लोकांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि पुढची कधी मिळेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. असं आधी दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा नंदाने एकच वाक्य सांगितलं होतं: मारतो तो नाटकातला हाराल्ड, तुझे पापा नाहीत. त्या एका वाक्यावर घर उभं होतं. हाराल्डला कोण हाइममध्ये ठेवणार? आणि पापांनी काय केलंय, की त्यांना घराबाहेर काढायचं?

आता ते वाक्य तिला पुन्हा म्हणता येणार नव्हतं. निदान खरं म्हणून तरी नाही.

स्टुटगार्टमध्ये चढावाचे रस्ते पुरत नाहीत म्हणून मधेच दगडी पायऱ्या काढलेल्या आहेत. लोक त्यांना लाडाने श्टेफेले म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा नंदा या पायऱ्या मोजे सावरत, साडीचा घोळ एका हातात धरून चढायची आणि फोल्कर वर उभा राहून खाली बघत गरजायचा: "कोण आहे तो, माझ्या गडाच्या वाटेवर?" तिला तेव्हा जर्मन येत नव्हतं. पण ते वाक्य येत होतं. तिला जे जर्मन आलं ते सगळं त्याच नाटकातून आलं. परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात पहिल्यांदा गेली, तेव्हा खिडकीमागचा माणूस तिला बाजूला थांबा म्हणाला आणि तिने तिच्याजवळ होतं ते एकमेव मोठं वाक्य काढलं होतं: "पुष्कळ वाट पाहिली, आता दार उघडा, नाहीतर छप्पर पेटवीन." तो माणूस आधी पांढरा पडला आणि मग हसून हसून खुर्चीवरून घसरला. शिक्का मात्र त्याने लगेच मारला. उर्जा ही गोष्ट लहानपणी पुन्हा पुन्हा ऐकायची. हल्ली ऐकली की म्हणते, आई, हे विनोदी नाहीये.

पुण्यात ती प्रॉम्प्टर होती. कारखान्यांच्या नाट्यस्पर्धा व्हायच्या त्यात, विंगेत स्टुलावर, हातात टॉर्च. फोल्कर चिंचवडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. मराठीचं अक्षर कळत नसताना कोणाच्या तरी आग्रहाने नाटकाला बसला, आणि नायक तिसऱ्या अंकात अडला तेव्हा त्याला विंगेतून एक शब्द ऐकू आला. फक्त एक. आणि त्या शब्दावर तो अडलेला माणूस पुन्हा चालू झाला. नाटक संपल्यावर फोल्कर नटांना भेटलाच नाही, सरळ मागे येऊन म्हणाला, ते कोण बोललं ते मला दाखवा. घरी केवढा गहजब झाला. वडिलांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला. आईने मात्र शेवटी जावयाला पाटावर बसवून जेवू घातलं आणि नंदाला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "हा एवढा आडदांड माणूस, रागावला तर काय करशील गं?" "त्याला राग येत नाही, आई." "प्रत्येकाला येतो," आई म्हणाली होती.

उत्तरेला श्लाय नावाच्या खाडीकाठी त्याच्या गावकऱ्यांचं एक हौशी मंडळ होतं. दर उन्हाळ्यात ते उघड्या माळावर एकच नाटक करायचं: हाराल्डचं. नॉर्वेचा हाराल्ड, जो शिपाई म्हणून पळाला आणि राजा म्हणून परतला. फोल्कर पंधरा वर्षांचा असल्यापासून त्यात भाला धरून उभा राहायचा. मग मोठा होत होत एका वर्षी तोच हाराल्ड झाला आणि पुढे तीस उन्हाळे त्याने ती जागा सोडली नाही. वर्षभर तो गिअर बनवणाऱ्या कंपनीत मान खाली घालून नकाशे काढायचा, आणि रजेचे सगळे दिवस राजा व्हायचा. नंदा त्याच्याबरोबर गेली ती गवताच्या पेंढीमागे बसून प्रॉम्प्ट द्यायला. भाषा येत नसताना तिने ते अख्खं नाटक आवाजांनी पाठ केलं. अर्थ मागाहून आला, जसा मार लागल्यावर जरा वेळाने ठणका येतो तसा.

आणि अर्थ काय होता! पंधराव्या वर्षी हाराल्ड भावाच्या बाजूने लढायला उभा राहतो, भाऊ डोळ्यांसमोर कापला जातो, आणि हा पोटाला जखम घेऊन एका शेतकऱ्याच्या झोपडीत लपतो. मग जंगलं, नद्या, परमुलूख. सम्राटाच्या नोकरीत पैशासाठी माणसं मारायची आणि ती मारण्यात सगळ्यांच्या वरचढ ठरायचं. जुन्या कहाण्यांत असं सांगतात की एक गाव काही केल्या पडत नव्हतं, तेव्हा त्याने तिथल्या घरांच्या छपरांत घरटी करणारी पाखरं जाळ्यात धरली, त्यांच्या पाठीला गंधक आणि मेण लावलेल्या ढलप्या बांधल्या, पेटवल्या आणि सोडून दिली. पाखरं घाबरून आपल्या घरट्यांकडेच गेली. दुसऱ्या एका सम्राटाचे डोळे त्याने स्वतःच्या हातांनी काढले. नाटकात तो प्रवेश दोन अंगठ्यांचा होता. अंगठे डोळ्यांवर ठेवायचे, आणि मग प्रेक्षकांकडे पाहत एक लांबलचक स्वगत. पुढे तो सोनं घेऊन मायदेशी आला, पुतण्याबरोबर अर्धं राज्य वाटून घेतलं, पुतण्या मेल्यावर अख्खं घेतलं. कर द्यायला कुरकुरणाऱ्या आपल्याच शेतकऱ्यांची घरं पेटवली. आणि ज्या खाडीकाठी हे मंडळ नाटक करायचं, सॉसेज आणि बिअर विकायचं, त्याच काठचं गाव त्याने जाळून टाकलं होतं. गावकरी दर उन्हाळ्यात त्याच्या नावाने टाळ्या वाजवायचे. नंदाला याचं पहिली काही वर्षं फार नवल वाटे. नंतर वाटेनासं झालं.

त्याच्या चिलखताचं नाव एमा होतं. गुडघ्याखाली पोचणारं, कुठलीही तलवार न शिरणारं. फोल्करची एमा नंदाने केली. हिवाळ्यातल्या संध्याकाळी, दोन पकडी घेऊन, कडी उघडायची, चार कड्या ओवायच्या, दाबून मिटायची. गजरा गुंफावा तसं ते काम होतं, फक्त बोटांना मोगऱ्याऐवजी गंजाचा वास. उर्जा तेव्हा पोटात होती आणि विणकामाच्या सुया घेऊन बसायच्या दिवसांत ती लोखंड विणत होती. आईला पत्रात लिहिलं, स्वेटर चालू आहे.

शेवटच्या लढाईत ऊन फार असतं म्हणून हाराल्ड एमाला जहाजावर ठेवून येतो. शत्रूचा स्वार येतो. त्याला विचारतात, आमच्या राजाला इथली किती जमीन देणार? स्वार म्हणतो, सात फूट; उंच आहे म्हणून चार बोटं जास्त. मग बाण येतो आणि गळ्यात घुसतो. फोल्कर असा पडायचा की पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळायच्या. नंदाही दरवर्षी दचकायची. दरवर्षी, पाठ असूनही.

पायऱ्यांच्या मधल्या बाकावर ती बसली. मांडीवरच्या पावाची ऊब कापडातून लागत होती. तिला आता एकच गोष्ट शोधायची होती. हाराल्ड नसलेल्या दिवसांत, शहाण्या, धडधाकट, नकाशे काढणाऱ्या फोल्करने कधी हात उचलला होता का? तिने वर्षंच्या वर्षं उलटीपालटी केली. हात नव्हता उचलला. पण एक तवा होता. उर्जा रांगत होती, घरात कसलीतरी कटकट चालली होती, बहुधा पुण्याला जाण्यावरून, आणि त्याने गॅसवरचा तवा उचलून भिंतीवर मारला. तो तिच्या कानाजवळून गेला. गरम तुपाचा शिंतोडा गालावर उडाला. तवा खाली पडून गोल गोल फिरत राहिला, आणि तो थांबेपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत होती. फोल्करचा चेहरा कोरा झाला होता. पुढे काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं. तो अडला होता. आणि तिने, विंगेत बसल्यासारखा, अगदी वेळेवर, शब्द दिला: "छप्पर..." तो लगेच गरजला, "छप्पर पेटवीन!" आणि दोघं हसली. खूप हसली, उर्जासुद्धा दचकायची थांबून हसली. गालावरचा फोड आठवडाभर होता. त्या संध्याकाळी तो माफी मागणार होता का, हे नंदाला कधी कळलं नाही. तिने त्याला मागूच दिली नाही.

त्याचं विसरणं सुरू झालं तेव्हाही तिने तेच केलं. डॉक्टर म्हणाले होते, जुनं काही असेल ते वाजवा, गाणी, ओळखीचे आवाज. दुसऱ्या बायकांनी गाणी लावली असती. नंदाने नाटक सुरू केलं. तो शर्टाच्या बटणाशी अडायचा, ती पहिला शब्द द्यायची, तो पुढचं वाक्य खणखणीत म्हणायचा आणि बटणही लागायचं. त्याचे डोळे उजळायचे. शेजारच्या घराचं नाव, मुलीचं नाव, मग नंदाचं नाव, एकेक करून गळून गेलं, पण हाराल्डचं एक अक्षर गळलं नाही. ती सकाळपासून प्रवेशामागून प्रवेश देत राहिली. घरात फोल्कर शोधायला ती हाराल्डचा कंदील घेऊन फिरत होती आणि कंदीलच तेवढा उरला. मग एक दिवस त्याला शब्द द्यावा लागेनासा झाला. तो आपणहून बोलू लागला, आणि बोलल्याप्रमाणे करू लागला. दुपारी तो फार हातघाईवर आला की ती स्वाराचं वाक्य म्हणायची. सात फूट जमीन. तो गळा धरून खाली कोसळायचा, पडल्या पडल्या त्याला झोप लागायची, आणि ती त्याच्या डोक्याखाली उशी सरकवायची. रोज दुपारी ती आपल्या नवऱ्याला असं मारायची आणि मग स्वतःसाठी चहा टाकायची.

घरी आली तर तो खिडकीशी उभा होता. खुर्ची उलटी पडली होती, बाकी काही मोडलं नव्हतं. "अहो," ती म्हणाली. लग्नानंतर आईसमोर एकदा ती त्याला तशी हाक मारून बसली होती आणि ती त्याला इतकी आवडली की तीच कायम राहिली. "मी आलेय. ओळखलंत का?" ती मराठीतच बोलत होती. तो वळला, तिच्याकडे, पिशवीकडे, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि तांडेलाला विचारावं तसं म्हणाला, "वारा कुठून आहे?" ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हाताच्या अंतरावर. "मी कोण?" तिने विचारलं. "सांगा ना. मी कोण?" तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला. ती तिथे किती वेळ उभी होती ते तिला कळलं नाही. बेल वाजली तेव्हा ती दचकून मागे सरली, आणि आपण त्याच्या हाताच्या टप्प्यात एवढा वेळ कशाला उभं राहिलो, हा प्रश्न तिने दार उघडण्याच्या घाईत बाजूला ठेवला.

उर्जाने दारातच आईच्या डोक्यावरचा स्कार्फ मागे सारला. पन्नाशीला आलेली मुलगी, कपाळ नंदाचं, खांदे बापाचे. उर्जा शाळेत जाऊ लागल्यापासून आई मराठीत बोलणार आणि ती जर्मनमध्ये उत्तर देणार, असंच त्यांचं चालत आलं होतं.

"आल्झो, हे काय आहे?"

"फ्रिजचं दार लागलं."

"फ्रिजला बोटं असतात? पाच बोटं दिसताहेत, आई. ऐकू येतंय का तुला या कानाने?"

"ओरडू नकोस, त्यांना त्रास होतो."

"त्यांना त्रास होतो!" उर्जाने पर्स कोचावर फेकली. "सहापर्यंत सांगायचंय मला. खोली दक्षिणेला आहे, खाली बाग आहे, तू रोज जाऊन बसू शकतेस. आता म्हण तुझं ते. म्हण, हाराल्डने मारलं."

नंदाने स्कार्फ पुन्हा कानावर ओढला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. कोणी हाराल्ड नाहीये. साडेनऊशे वर्षांपूर्वी मेलाय तो. तू त्याला या घरात ठेवून घेतलंयस, कारण तो गेला तर इथे कोणी उरत नाही."

"हळू बोल."

"का? राजेसाहेब रागावतील?" ती वळली आणि खिडकीकडे गेली. "पापा. पापा, मी आलेय. बसा ना जरा."

तिने त्याचा दंड धरला. नंदाला पुढचं दिसलं, नाटकात पुढचा प्रवेश दिसतो तसं, आणि तरी ते फार भरकन झालं. त्याने उर्जाला भिंतीवर दाबलं. एवढी वर्षं आजारी माणूस, हातांत एवढं बळ कुठून आलं होतं कोणास ठाऊक. त्याचे दोन्ही तळवे तिच्या गालांवर होते आणि अंगठे डोळ्यांवर. उर्जाने मनगटं धरली, नखं रुतवली, गुडघा मारला, पण तो हलला नाही. तो सम्राटाशी बोलत होता. तू शपथ मोडलीस, तू मला अंधारात ठेवलंस, आता तू अंधारात राहा. अंगठ्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. भिंतीवरची तसबीर खाली आली आणि काच फुटली.

नंदाला फक्त स्वाराचं वाक्य म्हणायचं होतं. ते तिच्या जिभेवर होतं. ती उजवा कान पुढे करून उभी राहिली आणि तिने ते म्हटलं नाही.

स्वगत संपलं होतं. तो क्षणभर गप्प होता. अडला नव्हता, त्याच्या आत काहीतरी वर येत होतं. सकाळी फळी खाली येताना तिने त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं तसंच, पाण्याखालून कोणी वर यावं तसं. त्याचे ओठ उघडले. ती ऐकत राहिली.

"आई!" उर्जा किंचाळली. मराठीत. "आई गं!"

"सात फूट जमीन," नंदा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "उंच आहेस म्हणून चार बोटं जास्त."

अंगठे सुटले. तो गळा धरून मागे गेला, गुडघ्यांवर आला आणि गालिच्यावर आडवा झाला. उर्जा भिंतीला धरून खाली बसली. नंदाने भांड्यात पाणी आणलं, रुमाल बुडवला, मुलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचे डोळे टिपत राहिली. डावा डोळा लालभडक झाला होता, पण दिसत होतं. बोटं किती आहेत ते उर्जाने बरोबर सांगितलं. गालिच्यावर तो घोरू लागला.

"फोन कर त्यांना," नंदा म्हणाली. "सोमवारी कशाला, आजच घेतात का विचार."

"घाबरलीस ना शेवटी?"

"नाही."

"मग?"

नंदाने रुमाल पिळला. भांड्यातलं पाणी थोडं गुलाबी झालं होतं. सकाळी फ्रिजला टेकून खाली बसलेली असताना, खांद्यात कळ भरत असताना, तिला काय वाटलं होतं ते तिला आता स्वच्छ दिसत होतं. दिवसभर त्यावर तिने भीतीचं पांघरूण घातलं होतं. ते भय नव्हतं. संतापही नव्हता. त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकून तिला इतका आनंद झाला होता की तिने तोंडावर हात धरला होता. हा माणूस इथे राहिला तर ती उद्या पाव कापायला बसेल, मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून, आणि फळी त्याच्या हाताशी येईल अशी ठेवेल.

उर्जा कोपरावर उठून बसली होती. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं, दुसरा आईवर होता. "तुला वाक्य माहीत होतं," ती जर्मनमध्येच म्हणाली. "तू तिथे उभी होतीस. एवढा वेळ. का थांबलीस?"

"ऐकत होते."

"काय ऐकत होतीस?"

"तुझं नाव घेतो का ते."

उर्जा सरकून दूर झाली. आईच्या मांडीवरून, ओल्या रुमालापासून, अगदी भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत. फोन काढून तिने नंबर शोधला, तो लावण्याआधी थांबली. गालिच्यावर झोपलेल्या माणसाकडे ती बघत राहिली. मग लहानपणी बोलायची तशा मोडक्या मराठीत, आईकडे न बघता, तिने विचारलं, "आणि? घेतला का त्याने?"

"नाही," नंदा म्हणाली.

उर्जाने मान हलवली आणि नंबर लावला.